छपरांतून येणारा उजेड आणि कायदा

घर पाहतांना मनुष्य भिंतींकडे, खिडक्यांकडे व फरशीकडे जितक्या बारकाईनें पाहतो, तितक्या बारकाईनें छपराकडे पाहत नाहीं. छपराची आठवण त्याला होते ती वळवाचा पहिला पाऊस कोसळून अंथरुणावर थेंब पडूं लागले म्हणजे. वास्तविक घराच्या सर्व अंगांत छप्पर हेंच असें अंग आहे कीं, ज्याच्यावर खालच्या साऱ्या माणसांचें आरोग्य, सुख आणि प्रसंगीं प्राणही अवलंबून असतात. तें पाऊस अडवितें, ऊन अडवितें, आणि त्याबरोबर उजेड व हवाही अडवितें. म्हणून वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाच्या मनांत केव्हां ना केव्हां विचार येतोच कीं, दोन कौलें काढून तेथें कांच बसवावी, आढें थोडें उंच करून पोटमाळा काढावा, किंवा दरसाल फुटणाऱ्या कौलांना रजा देऊन एकदांचे पत्रे घालावे. मग सुतार बोलावला जातो, तो दोन दिवसांत काम उरकण्याचें आश्वासन देतो, आणि या प्रकारांत कायदा म्हणून कांहीं वस्तु आहे, ही गोष्ट महानगरपालिकेची नोटीस दाराला चिकटेपर्यंत कोणाच्या ध्यानींमनींही नसते.

या विषयाचा मोघम उपदेश करण्यापेक्षां एखादें स्थळ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलें असतां तो अधिक स्पष्ट होतो. म्हणून आम्ही मुंबईंतील लोअर परळ ही वस्ती निवडली आहे. छपराच्या उजेडाचा उत्तम उपयोग, उजेडाच्या अभावाचे दुष्परिणाम आणि छपराशीं केलेल्या स्वैर खेळाचें भयंकर फळ, या तिन्ही गोष्टी या एका वस्तीनें पाहिल्या आहेत.

गिरणीला उजेड, गिरणकऱ्याला अंधार

लोअर परळ म्हणजे गिरण्यांचा मुलूख. आतां त्या गिरण्यांपैकीं बहुतेकींचे भोंगे थांबले आहेत. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपानंतर त्यांचा ऱ्हास झपाट्यानें झाला, आणि त्यांच्या जागेवर कचेऱ्या, दुकानें व आभाळाला भिडणारे मनोरे उभे राहिले. परंतु जुन्या गिरणीची विणकामाची शेड ज्यांनीं पाहिली असेल त्यांना तिचें छप्पर आठवत असेल. करवतीचे दांते एकापुढें एक लागावे तसें तें दिसे. प्रत्येक दांत्याची एक बाजू उतरती व बंद; दुसरी जवळजवळ उभी व कांचेची. ही कांचेची बाजू बुद्ध्याच उत्तरेकडे ठेवीत. उत्तरेचा उजेड मऊ व सारखा असतो. त्यांत ऊन नसतें, सावल्यांची धरसोड नसते, आणि मागावर तुटलेला धागा विणकराला तत्काळ दिसतो. उजेड चांगला तर कापड चांगलें, हा हिशेब गिरणीच्या मालकाला पक्का कळलेला होता.

त्याच गिरणींतला विणकर संध्याकाळीं ज्या खोलींत परते, तिच्या उजेडाचा हिशेब मात्र कोणी केला नव्हता. चाळीच्या दोन्ही अंगांस खोल्या व मधून काळोखा बोळ, किंवा एका बाजूस गॅलरी व दुसऱ्या बाजूस शेजारच्या चाळीची भिंत, अशी ती रचना. चुलीचा धूर कौलांतून जाईल तितका जाई, उरलेला डोळ्यांत राही. पुढें सरकारनें १९२० सालीं विकास खातें काढून वरळी, नायगांव, शिवडी व डिलाइल रोड येथें सिमेंट काँक्रीटच्या २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकीं ३२ डिलाइल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, लोअर परळांतच आहेत. आतां त्यांचा पुनर्विकास चालू आहे. त्यांतील प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. आजच्या नियमाप्रमाणें राहत्या खोलीच्या खिडक्यांचें क्षेत्र, दार सोडून, जमिनीच्या क्षेत्राच्या एक-षष्ठांशाहून कमी असूं नये, आणि खिडकीपासून साडेसात मीटरांपलीकडचा भाग उजेडाचा मानूं नये. म्हणजे त्या एका खोलीला सुमारें २७ चौरस फूट खिडकी हवी. आपल्या खोलीचें माप घेऊन वाचकांनीं हा भागाकार एकदां अवश्य करून पाहावा.

सरकारनेंच छप्पर उघडलें तेव्हां

छपराला भोंक पाडण्यास कायदा आज अडवितो असें म्हणणारांस ही गोष्ट ऐकून नवल वाटेल कीं, याच मुंबईंत एके काळीं सरकारच्या हुकुमानें लोकांच्या घरांवरचीं कौलें उतरविलीं जात होतीं. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला, आणि पाहतां पाहतां सारें शहर त्या साथीनें व्यापलें. रोगाचें घर काळोखांत व दमटपणांत आहे अशी तेव्हांची समजूत होती. उंदीर व पिसवा यांची गोष्ट अजून सिद्ध व्हावयाची होती. तेव्हां प्लेगच्या अंमलदारांनीं घरें धुववून घेतलीं, चुना फांसला, भिंतींत झरोके पाडले, आणि सूर्यप्रकाश आंत यावा म्हणून कित्येक घरांच्या छपरांवरचीं कौलें काढविलीं. ज्या घरांना उजेड देणें शक्यच नव्हतें तीं मनुष्यवस्तीस अयोग्य ठरविण्यांत आलीं. उपाय कठोर होता, त्यापायीं लोकांचा छळही पुष्कळ झाला; पण त्यांतून एक विचार मात्र कायमचा राहिला. उजेड ही घरमालकाच्या मर्जीची वस्तु नव्हे, ती शहराच्या आरोग्याची बाब आहे, हा तो विचार होय.

त्याच विचारांतून १८९८ सालीं मुंबईची सुधारणा मंडळी, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाली. तिचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं १९१२ सालीं मुंबईच्या घरांतील उजेड व हवा याच विषयावर व्याख्यान देऊन एक नियम पुढें मांडला. त्याला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणतात. त्याचा अर्थ साधा आहे. खोलीच्या खिडकीपाशीं उभें राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिलें असतां नजर साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक वर करावी लागूं नये. किंवा आणखी सोप्या शब्दांत, समोरची इमारत जितकी उंच त्याच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा मध्यें असावी. आज शहरांत इमारतींभोंवतीं जी मोकळी जागा सोडावी लागते त्या कल्पनेच्या मुळाशीं हें साधें भूमितीचें गणित आहे.

आमच्या देशावरच्या माळवदी घरांना ही विद्या नवी नव्हती. माळवदाला साणें ठेवून त्यांतून धूर बाहेर व उजेड आंत घेण्याची चाल जुनी आहे. पावसांत तें झांकून टाकीत. कोंकणांत व मुंबईंत साण्याची जागा पुढें कांचेच्या कौलानें घेतली. घर मालकीचें, छप्पर मालकीचें, आणि शेजारी चार हात दूर, अशा स्थितींत कोणाला विचारण्याचें कारणही नव्हतें. शहरांत ही स्थिति पालटली, आणि तेथूनच कायद्याचा प्रवेश होतो.

कायद्याची यादी

मुंबईंत या बाबतींत मुख्य कायदा १८८८ चा, म्हणजे मुंबई महानगरपालिकेचा अधिनियम. त्याचें ३३७ वें कलम नव्या इमारतीसाठीं आहे व ३४२ वें जुन्या इमारतींतील भर, फेरफार आणि दुरुस्ती यांसाठीं. इमारतींत भर घालावयाची असेल किंवा तिचा कोणताही भाग काढावयाचा, बदलावयाचा वा पुन्हा उभारावयाचा असेल, तर आयुक्तांस आधीं लेखी सूचना दिली पाहिजे. यांतून केवळ राहण्यायोग्य ठेवण्यापुरती दुरुस्ती वगळली आहे. अशी दुरुस्ती म्हणजे काय हें कायद्यानें मोघम ठेवलेलें नाहीं. यादीच दिली आहे. भिंतींवर व आधाराच्या भागांवर सिमेंटचा फवारा मारणें, गिलावा, रंग व दरजा भरणें, फरशी बदलणें, संडास, न्हाणी व धुण्याची जागा दुरुस्त करणें, सांडपाण्याचे नळ, तोट्या वगैरे दुरुस्त करणें वा बदलणें, पाण्याचें व विजेचें सामान बदलणें, आणि सातवी बाब, छप्पर त्याच जिनसाचें पुन्हा घालणें. या सातांना परवानगी नको.

याच्या पुढें पांच गोष्टी कायद्यानें स्पष्टपणें बाहेर ठेविल्या आहेत. बांधकामाची लांबी, रुंदी किंवा उंची बदलणें. आधाराचे भाग किंवा भार वाहणाऱ्या भिंती काढणें वा बदलणें. जोतें, पाया किंवा जमीन खालीं नेणें. पोटमाळा वा मधला मजला नव्यानें घालणें किंवा वाढविणें. आणि छप्पर सपाट करणें किंवा निराळ्या जिनसानें दुरुस्त करणें. या पांचांपैकीं एकही गोष्ट दुरुस्तीच्या नांवाखालीं खपत नाहीं.

वाचकांनीं या दोन याद्या शेजारीं ठेवून पाहाव्या. फुटलेलें मंगलोरी कौल काढून तेथें दुसरें मंगलोरी कौल घातलें तर कोणाला विचारावयास नको. कुजलेला वासा किंवा रीप बदलतांना मात्र विचार हवा; छप्पर पेलणारी कैची वा तुळई बदलणें हें आधाराच्या भागांस हात लावणें होय. कौलें काढून सिमेंटचे पत्रे घातले तर जिन्नस बदलला. उतरतें छप्पर काढून गच्ची केली तर छप्पर सपाट झालें. आढें दोन फूट उंच केलें तर उंची बदलली, आणि त्याखालीं पोटमाळा बांधला तर दोन गुन्हे एकदम झाले.

यावर कोणी विचारील कीं, १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमांत इमारतीच्या केवळ आंतील भागापुरत्या, किंवा बाह्य स्वरूपांत म्हणण्यासारखा फरक न करणाऱ्या कामांस परवानगी नको असें म्हटलें आहे ना? तसें म्हटलें आहे खरें. पण एका कायद्याची सूट दुसऱ्या कायद्याला लागू होत नाहीं. नगररचनेच्या कायद्यानें ज्याला विकास म्हटलें नाहीं, तेंच काम महानगरपालिकेच्या कायद्यानें फेरफार ठरूं शकतें. अर्धवट कायदा वाचून काम काढणारे गृहस्थ बहुधा येथेंच फसतात.

तीन कांचेच्या कौलांचा प्रश्न

आमच्या एका वाचकभगिनीनें पत्रानें विचारलें आहे तो प्रश्न असा. लोअर परळांत एका जुन्या दुमजली कौलारू इमारतींत त्या भाड्यानें राहतात. पूर्वेकडून उंच मनोरा उठल्यापासून त्यांच्या स्वयंपाकघरांत सकाळीं दहालाही दिवा लावावा लागतो. सासूबाईंची दृष्टि मंद झालेली. भाजी निवडतांना व पोथी वाचतांना त्यांना त्रास होतो, आणि अंधाऱ्या पायरीवर त्या एकदां पडल्याही. तेव्हां छपरांतलीं तीन कौलें काढून तेथें तीन कांचेचीं कौलें बसविलीं तर त्यांत कोणाचें काय जातें?

प्रश्न लहान दिसतो, पण त्यांत सारा विषय सामावला आहे. मंगलोरी कौलानें झांकलेली जागा जेमतेम पाऊण चौरस फूट भरते. तीन कौलांचे मिळून सुमारें दोन चौरस फूट. परंतु हे दोन चौरस फूट सरळ आभाळाकडे उघडतात. समोर भिंत असलेल्या खिडकीपेक्षां माथ्यावरचा एवढासा झरोकाही स्वयंपाकघराला कितीतरी अधिक उजेड देतो. लाभ मोठा, खर्च थोडा. तरीही कायद्याचें अक्षर घेतलें तर मातीच्या कौलाच्या जागीं कांचेचें कौल म्हणजे निराळा जिन्नस. त्याच आकाराचें, त्याच खांचेंत बसणारें असलें तरी परवानगीशिवाय चालणाऱ्या सातव्या बाबींत तें निःशंकपणें बसतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. म्हणून आमचा सल्ला असा कीं, एवढ्या कामासाठींही आधीं लेखी सूचना द्यावी आणि तिची पोंच जपून ठेवावी. कायद्याच्या ३४५ व्या कलमाप्रमाणें अशी सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत आयुक्तांकडून नकार न आल्यास, सूचनेंत लिहिल्याप्रमाणें काम एका वर्षाच्या आंत करतां येतें. मात्र त्यांत कोणत्याही नियमाचा भंग होतां कामा नये. मौनाचा अर्थ संमति असा घेतां येतो, पण वाटेल त्या कामाला संमति असा घेतां येत नाहीं.

छप्पर कोणाचें?

त्या भगिनींच्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक नाजूक आहे. छप्पर त्यांच्या खोलीवर असलें तरी तें त्यांचें नाहीं. भाड्याच्या घरांत तें मालकाचें असतें. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें मालकाच्या लेखी संमतीवांचून भाडेकरूनें कायम स्वरूपाचें बांधकाम केल्यास त्याला घराबाहेर काढण्याचें तें एक कारण होऊं शकतें. त्याच कायद्यानें कांहीं कामें, महानगरपालिकेची परवानगी लागत असेल तेथें ती घेतली असल्यास, कायम बांधकाम मानूं नयेत असेंही सांगितलें आहे: लांकडी आडभिंत, उभ्यानें स्वयंपाक करण्याचा ओटा, दार, जाळी, हवेसाठीं आवश्यक अशी खिडकी, खोटें छत, धूर जाण्याची वाट किंवा धुरांडें वगैरे. छपरांतील झरोक्याचें नांव त्या यादींत नाहीं. म्हणून मालकाचें संमतिपत्र आधीं व सुताराचें काम मागून, हा क्रम सोडूं नये. उलट गळकें छप्पर दुरुस्त करणें हें मालकाचें कर्तव्य आहे. त्यानें तें टाळलें तर निदान पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करतां येते व तिचा खर्च भाड्यांतून वळता करून घेतां येतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक रक्कम अशी वळती होत नाहीं. जुनीं भाडीं इतकीं अल्प आहेत कीं, या सवलतीनें चार कौलें येतील, छप्पर येणार नाहीं, हें खेदानें नमूद करावें लागतें.

लोअर परळांतील पुष्कळ जुन्या इमारती उपकरप्राप्त आहेत. १९६९ च्या कायद्यानें शहर भागांतील १९,६४२ इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसविला गेला व त्यांच्या दुरुस्तीसाठीं मंडळ नेमलें गेलें. तें आज म्हाडाच्या अंगभूत आहे. १ सप्टेंबर १९४० पूर्वींच्या इमारती यांतील पहिल्या वर्गांत मोडतात. अशा इमारतींत छपराला हात लावण्यापूर्वीं या मंडळाचें ना-हरकत पत्रही घ्यावें लागतें.

सहकारी गृहसंस्थेंत छप्पर किंवा गच्ची ही वरच्या बिऱ्हाडाची नसून सर्व सभासदांची असते. अपार्टमेंटच्या १९७० च्या कायद्यांतही छपराची गणना सामायिक भागांत केली आहे. पावसाच्या पाण्यानें होणारी गळती संस्थेनें आपल्या खर्चानें थांबवावी असें आदर्श उपविधींत आहे. म्हणजे वरच्या मजल्यावरील सभासदाला गळतीबद्दल हक्कानें भांडतां येतें. पण गच्चींत झरोका पाडण्याचा किंवा तीवर मांडव घालण्याचा हक्क त्याला मिळत नाहीं. पावसाळ्यापुरतें गच्चीवर आच्छादन घालण्याची सोय विकास नियंत्रणाच्या नियमांत तात्पुरत्या बांधकामाच्या सदराखालीं आहे. तथापि तीही परवानगीनें व ठराविक मुदतीपुरतीच. दसरा उलटल्यावरही जी पावसाळी शेड उतरत नाहीं, ती पुढल्या वर्षीं खोली होते, आणि तिसऱ्या वर्षीं तींत बिऱ्हाड येतें, हा अनुभव शहराला नवा नाहीं.

२०१७ चा डिसेंबर

एवढ्या बारीकसारीक गोष्टींवर कायद्यानें कां अडून बसावें, असें ज्यांना वाटत असेल त्यांनीं लोअर परळांतीलच एक रात्र आठवावी. २८ डिसेंबर २०१७ ची मध्यरात्र उलटून गेल्यावर कमला मिलच्या आवारांतील एका इमारतीच्या माथ्यावर असलेल्या उपाहारगृहांत आग लागली. माथ्यावरची मोकळी जागा आच्छादून तेथें बैठक केलेली होती. आच्छादनाचा व सजावटीचा जिन्नस असा होता कीं, ज्वाला वाऱ्यासारख्या एका उपाहारगृहांतून शेजारच्या दुसऱ्यांत गेल्या. बाहेर पडण्याची वाट न सांपडून पुष्कळ जण स्वच्छतागृहाच्या आश्रयाला गेले आणि तेथेंच धुरानें गुदमरले. त्या रात्रीं १४ माणसें गेलीं. त्यांत तरुण मुलींची संख्या मोठी होती. पुढें महानगरपालिकेनें शहरभर अशा बांधकामांवर हातोडा चालविला, आणि उच्च न्यायालयानें निवृत्त मुख्य न्यायमूर्ति अ. वि. सावंत यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली.

गच्ची मोकळी असती तर धूर आभाळांत गेला असता. तिच्यावर आच्छादन आलें, आणि मोकळी जागा बंद खोलीसारखी झाली. बंद खोलीला जे दरवाजे, जिने व विझवण्याची साधनें लागतात तीं तेथें पुरेशीं नव्हतीं. छपरासंबंधीचे नियम म्हणजे केवळ नकाशावरच्या रेघा नव्हेत, हें यावरून कोणाच्याही ध्यानांत यावें. आपल्या चाळीच्या गच्चीवर ताडपत्री, बांबू व प्लास्टिकचे पत्रे लावून जो माळा उभा राहतो, तो याच जातीचा असतो. फरक इतकाच कीं, त्याच्याखालीं झोपलेलीं माणसें आपलींच असतात.

परवानगी घ्यावी कशी

लोअर परळ महानगरपालिकेच्या जी दक्षिण विभागांत येतें. त्याची कचेरी ना. म. जोशी मार्गावर धनमिल नाक्याशीं आहे. विनापरवाना बांधकामांवर नजर ठेवणारें इमारत व कारखाने खातें तेथेंच असतें. नकाशे मंजूर करणारें इमारत प्रस्ताव खातें निराळें आहे. छपराच्या कामासाठीं परवानाधारक वास्तुशास्त्रज्ञ व, आधाराच्या भागांस हात लागत असेल तर, बांधकामाचा अभियंता नेमावा लागतो. मालकीचा पुरावा, मालकाचें किंवा संस्थेचें संमतिपत्र, असलेल्या व करावयाच्या छपराचा नकाशा, छेद व मापें, आणि उपकरप्राप्त इमारत असल्यास मंडळाचें ना-हरकत पत्र, एवढी तयारी प्रथम करावी. नकाशे आतां संगणकाच्या द्वारें दाखल होतात.

बांधकाम जुनें असल्यास तें केव्हांचें आहे याचा पुरावा शोधून ठेवणें फार उपयोगी पडतें. राहत्या बांधकामाच्या बाबतींत १७ एप्रिल १९६४ व इतर वापराच्या बाबतींत १ एप्रिल १९६२ या तारखांपूर्वींचें बांधकाम महानगरपालिका सहन करते. सहन करणें आणि मंजूर करणें यांत अंतर आहे. असें बांधकाम जसेंच्या तसें दुरुस्त करतां येतें; वाढवितां येत नाहीं. म्हणून जुन्या करपावत्या, विजेचीं बिलें व भाडेपावत्या रद्दीवाल्याला देण्यापूर्वीं चारदां विचार करावा. छपराचें वय ठरविण्याची वेळ आली म्हणजे त्या कागदांची किंमत सोन्याची होते.

परवानगीवांचून काम काढल्यास काय होतें तेंही सांगितलें पाहिजे. काम चालू असतांना पकडलें गेल्यास ३५४-अ कलमाखालीं तें थांबविण्याची नोटीस येते, आणि चोवीस तासांत परवानगी दाखवितां आली नाहीं तर बांधकाम काढलें जाऊं शकतें. काम पुरें झालें असल्यास ३५१ व्या कलमाखालीं तें कां पाडूं नये याचें कारण विचारलें जातें; उत्तर समाधानकारक नसेल तर पाडलें जातें व पाडण्याचा खर्चही वसूल होतो. नगररचनेच्या कायद्याच्या ५२ व्या कलमांत विनापरवाना विकासासाठीं एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद व शिवाय दंड सांगितला आहे. नियमांत बसणारें काम मागाहून शुल्क भरून नियमित करून घेतां येतें. नियमांत न बसणारें कोणत्याही शुल्कानें नियमित होत नाहीं. आणि नोटीस येते ती सुताराच्या नांवानें नव्हे, आपल्या नांवानें.

उजेड घ्यावा कसा

परवानगी मिळाल्यावरही झरोका शहाणपणानें ठेवावा. शक्य असेल तर छपराच्या उत्तरेकडील पाख्यावर ठेवावा. मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच दोनप्रहरचा सूर्य माथ्याच्या उत्तरेस जातो, आणि त्यांतील बराच काळ ढगांचा असतो. बाकीचें वर्षभर उत्तरेच्या उतारावर उजेड येतो, ऊन थोडें येतें. दक्षिणेच्या पाख्यावरचा झरोका थंडींत सुखावह वाटतो, पण मार्च-एप्रिलांत त्याखालीं बसवत नाहीं.

झरोका आढ्याजवळ घ्यावा, वळचणीजवळ घेऊं नये. वर पडलेलें पाणी वाहून खालीं येतें, तेव्हां जितकें खालीं भोंक तितकें त्यावर पाणी अधिक. या शहरांत वर्षाकांठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो, हें विसरतां कामा नये. मोठी चौकट बसवावयाची असल्यास ती छपराच्या पातळीहून किंचित उचलून तिच्याभोंवतीं पत्र्याची पन्हळ फिरवावी. कांच साधी न घेतां, फुटली असतां धारदार तुकडे खालीं न पडणारी घ्यावी. खालीं जाळी असल्यास उत्तम. प्लास्टिकचे पारदर्शक पत्रे हलके व स्वस्त असले तरी उन्हानें पिवळे पडतात व आगीला लवकर वश होतात. चुलीच्या किंवा गॅसच्या शेगडीच्या माथ्यावर ते कदापि नसावे. झरोका उघडणारा असेल तर उजेडाबरोबर हवेचाही लाभ होतो. उष्ण हवा वर जाते, तिला आढ्यापाशीं वाट मिळाली कीं, खालून थंड हवा आपोआप येते. शेवटीं, तीस वर्षांहून जुन्या इमारतीची बळकटी तपासून घेणें कायद्यानेंच बंधनकारक केलें आहे. ती तपासणी झाली नसेल तर झरोक्याचा विचार मागें ठेवून ती आधीं करून घ्यावी. ज्या वाशांवर कांच बसवावयाची ते वासेच वाळवीनें पोखरलेले असले तर काय उपयोग?

आतां कायदेकर्त्यांस एक विनंति. इंग्लंडांत राहत्या घराच्या उतरत्या छपरांत खिडकी बसवावयाची असल्यास, ती छपराच्या पातळीहून पंधरा सेंटिमीटरांपेक्षां अधिक पुढें येत नसेल व इतर थोड्या अटी पाळल्या असतील, तर सामान्यतः निराळ्या नगररचना परवानगीची गरज पडत नाहीं. अट मोजतां येण्याजोगी आहे. गृहस्थालाही कळते, अंमलदारालाही कळते. आमच्या यादींतील सातव्या बाबीला अशीच एक पुस्ती जोडतां येईल: उंची न बदलतां, वासे न कापतां, त्याच आकाराचीं ठराविक संख्येपर्यंत कांचेचीं कौलें बसविणें ही दुरुस्तीच समजावी. असें झालें तर पोटमाळ्यासाठीं आढें उचलणारा आणि म्हाताऱ्या आईसाठीं तीन कौलें बदलणारा यांत कायद्यालाच भेद करतां येईल. आज तो भेद अंमलदाराच्या मर्जीवर आहे, आणि जेथें मर्जीचा प्रश्न येतो तेथें गरिबाची पंचाईत होते.

तोंपर्यंत आमचें सांगणें एवढेंच कीं, उजेड मागणें हा संकोचाचा विषय नव्हे. ज्या शहरानें साथीच्या काळीं उजेडासाठीं लोकांचीं छपरें उघडलीं, त्या शहराजवळ तो हक्कानें मागावा. पण कागदावर मागावा, आणि आपल्या डोक्यावरचें छप्पर शेजाऱ्याच्याही डोक्यावर आहे याचें भान ठेवून मागावा.